'तुम्हीच करून घेतलंत ना?' हे उत्तर नव्हे

पाळी पुढेमागे होते म्हणून ती घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात आली होती. निदान केसपेपरवर तसंच लिहिलं आहे. तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, तिने पर्स खांद्याला अडकवली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"मॅडम, अजून एक विचारायचं होतं. पण तुम्ही हसाल."

हे वाक्य ऐकलं की डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवावं. खरी तक्रार बऱ्याचदा दाराशी पोचल्यावरच बाहेर पडते.

तिने पाच वर्षांपूर्वी छातीत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. दोन बाळंतपणांनंतर छाती अगदी रिकामी झाल्यासारखी वाटायची. स्वतःच्या पगारातून पैसे साठवून तिने ऑपरेशन केलं. पहिलं दीड वर्ष छान गेलं. मग उजवी बाजू हळूहळू वर चढल्यासारखी दिसू लागली. गोल गरगरीत, चेंडूसारखी. डावी होती तशीच. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते टेलरच्या. "ताई, या बाजूला झोल येतोय," तो म्हणाला, आणि तिने ब्लाउज शिवायला टाकणंच बंद केलं.

ऑपरेशन केलेल्या ठिकाणी फोन केला. "सेटल होईल, मसाज करत राहा." तीन महिन्यांनी पुन्हा फोन. "दिसण्यात थोडा फरक राहतोच, मॅडम." आणखी वर्षाने ती स्वतः गेली, तर दवाखाना तिथून हललेला. कुठे गेला ते शेजारच्या दुकानदारालाही ठाऊक नाही. मग घराजवळच्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हीच करून घेतलंत ना?"

त्यानंतर दोन वर्षं तिने कुणालाही काही विचारलं नाही.

मी तपासलं. अर्धं मिनिट पुरलं. उजवी बाजू कडक, दाबल्यावर दुखणारी, जागेवरून न हलणारी. याला वैद्यकात नाव आहे, पायऱ्या आहेत, उपचार आहेत. जे दोन वर्षं 'दिसण्याची कुरकुर' म्हणून झटकलं गेलं, तो सरळसरळ आजार होता. (तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आजचा लेख त्या एका प्रश्नार्थक उत्तराविरुद्ध आहे. ते उत्तर डॉक्टर देतात, नवरे देतात, सासवा देतात, मैत्रिणीही देतात. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: इम्प्लांटच्या बाबतीत 'दिसणं' हेच लक्षण असतं. ताप आला की आपण थर्मामीटर लावतो, तसा इम्प्लांटचा आकार बदलला की तपासायचं असतं. चिडवायचं नसतं आणि लाजायचंही नसतं.

आधी, काय होणं साहजिक आहे

न्याय दोन्ही बाजूंनी करू. ऑपरेशननंतरची प्रत्येक काळजी म्हणजे काही बिघाड नव्हे.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी. तिच्या आत सिलिकॉनचं जेल किंवा सलाइन असतं. ती स्तनाच्या ग्रंथीखाली किंवा छातीच्या स्नायूखाली बसवतात. पहिले काही आठवडे स्नायू आवळलेला असतो, सूज असते, त्वचा ताणलेली आणि चकचकीत दिसते. त्यामुळे छाती गळ्याच्या बाजूला वर चढलेली, वरून फुगीर, खालून सपाट अशी दिसते. एक बाजू आधी सैलावते, दुसरी मागाहून. कुठे बधिरपणा असतो, कुठे नुसता कपडा लागला तरी झिणझिण्या येतात. सूज उतरून, स्नायू सैल पडून इम्प्लांट आपल्या जागी बसायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. टाक्यांचा व्रण आधी लालसर, मग काळपट होतो आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष घेतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत तो कधी कधी जाडही होतो.

शिवाय दोन्ही बाजू मुळातच सारख्या नसतात. बहुतेक बायकांमध्ये थोडा फरक असतोच. ऑपरेशनआधी आपण आरशात इतकं निरखून पाहत नाही, नंतर रोज पाहतो, आणि जुना फरक नवा वाटतो. म्हणूनच ऑपरेशनआधीचे फोटो समोरून, बाजूने आणि तिरपे काढून त्यांची प्रत बाईच्या हातात द्यायला हवी.

हे सगळं ऑपरेशनआधी शांतपणे सांगितलं असतं, तर दुसऱ्या आठवड्यात येणारे निम्मे घाबरे फोन आलेच नसते. 'धीर धरा' हा सल्ला तेव्हाच शोभतो, जेव्हा किती दिवस धरायचा आणि काय दिसलं तर धरायचा नाही, हे आधी सांगितलेलं असतं.

आणि काय झालं तर थांबायचं नाही

पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, ठणकू लागली, तर आत रक्त साचत असू शकतं. लाली, गरमपणा, ताप, जखमेतून पाणी, म्हणजे जंतुसंसर्गाची शंका. या दोन्हींत 'उद्या बघू' चालत नाही. त्याच दिवशी सर्जन गाठायचा, तो भेटला नाही तर मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग.

महिन्यांनी किंवा वर्षांनी होणारे बदल असे:

छाती कडक, गोल, वर ओढल्यासारखी दिसू लागते. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती एक आवरण तयार करतं. इम्प्लांटभोवतीही ते होतंच. पण काहींमध्ये हे आवरण जाड होऊन आवळत जातं. माझ्या पेशंटचं हेच झालं होतं. बेकर नावाच्या सर्जनने याच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्या आज जगभर वापरतात. पहिलीत छाती मऊ. दुसरीत हाताला थोडी कडक, पण दिसायला ठीक. तिसरीत कडक, आणि दिसायलाही वेगळी. चौथीत वेदनाही. म्हणजे पाहा, दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमधला फरकच मुळी 'दिसण्याचा' आहे. 'दिसण्यात थोडा फरक राहतोच' असं फोनवर सांगणाऱ्याने पेशंटला न बघताच तिसरी पायरी निकालात काढली.

इम्प्लांट फार खाली उतरतो आणि स्तनाग्र वर बघू लागतं. दोन्ही इम्प्लांट मध्याकडे सरकून एकमेकांना भिडतात. बारीक चणीच्या बायकांत कातडीखाली सुरकुत्या, लाटा दिसतात. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर हात दाबताना, वजन उचलताना छाती वेडीवाकडी हलते. यातलं काही जिवावर बेतणारं नाही, पण प्रत्येकाला कारण आहे आणि बहुतेकांवर उपायही आहे.

सलाइनचा इम्प्लांट फुटला तर छाती थोड्या काळात सपाट होते, लगेच कळतं. सिलिकॉनचा फुटला तर जेल आवरणातच राहतं आणि बाहेरून काहीच कळत नाही, असं होऊ शकतं. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाची शिफारस आहे की सिलिकॉनच्या इम्प्लांटची पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी करावी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. किती जणींना हे सांगितलं जातं? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी, बहुधा सात ते दहा, एकच बाजू काही कारण नसताना सुजली, तर आत पाणी साचलंय का हे सोनोग्राफीने बघून ते पाणी तपासायला पाठवायचं. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या आवरणात क्वचित एक प्रकारचा लिंफोमा होतो. फार दुर्मिळ आहे. वेळेत सापडला तर बहुतेकदा इम्प्लांट आणि आवरण पूर्ण काढून बरा होतो. पण त्याची सर्वांत नेहमीची पहिली खूण कोणती? एक बाजू मोठी दिसणं. आता सांगा, 'दिसण्यासाठी काय एवढं' असं म्हणायची हिंमत कुणाची आहे?

हौस कुणाची?

"कुणी सांगितलं होतं करायला?" हा प्रश्न इतक्या सहज येतो की जणू सगळी हौस बाईचीच असते.

जगातला पहिला सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन इथे टिमी जीन लिंडसे या बाईला बसवला गेला. ती रुग्णालयात गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. इम्प्लांटची कल्पना फ्रँक जेरो आणि टॉमस क्रोनिन या सर्जनांची होती. तिला विचारलं, ती तयार झाली. म्हणजे सुरुवातच अशी झाली. मागणी नंतर आली, माल आधी तयार होता.

आज अंधेरीच्या लिंक रोडवरून बोरिवलीपर्यंत जा किंवा एलबीएस मार्गाने घाटकोपरहून मुलुंडला जा. गुळगुळीत, तरुण, सडपातळ शरीरांचे फलक मोजत बसा. मोबाइल उघडलात तर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो, सोबत हप्त्यांची सोय आणि सणाची सवलत. त्या 'नंतर'च्या फोटोत प्रकाश वेगळा असतो, खांदे मागे खेचलेले असतात, आणि निवडलेली असते ती सर्वांत चांगली पेशंट, तिच्या सर्वांत चांगल्या महिन्यात. पाच वर्षांनंतरचा फोटो तुम्ही कधी पाहिलात? मी नाही पाहिला.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार पेशंट मिळवण्यासाठी डॉक्टरने स्वतःची जाहिरात करणं अनैतिक आहे. वर्तमानपत्रात निवेदन द्यायची परवानगी आहे ती दवाखाना सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची, अशा मोजक्या कारणांची. गंमत बघा. ज्याला बंदी आहे ती जाहिरात गल्लोगल्ली आहे, आणि ज्याला परवानगी आहे ते पत्ता बदलल्याचं निवेदन माझ्या पेशंटपर्यंत काही पोचलं नाही.

आणि समजा, हौसच होती. मग? दात सरळ करून घेणाऱ्या मुलाच्या तारा टोचल्या तर डेंटिस्ट 'तुम्हीच लावून घेतल्यात' म्हणतो का? केस लावून घेतलेल्या काकांच्या डोक्याला पू झाला तर त्यांना कुणी प्रवचन देतं का? सरकार निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी घेतं. जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरच्या शस्त्रक्रियेला तो नाही. विमा कंपन्या सौंदर्यशस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळतात. म्हणजे ही बाई पूर्ण पैसे स्वतःच्या खिशातून, करासकट भरते. पैसे घेताना ती ग्राहक, आणि तक्रार घेऊन आली की ती हौशी. हा हिशेब मला मान्य नाही.

शिवाय इम्प्लांट बसवणाऱ्या सगळ्याच 'हौशी' नसतात. कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या बायका आहेत, एक स्तन जन्मतः वाढलाच नाही अशा मुली आहेत, पारलिंगी स्त्रिया आहेत. आवरण आवळायला लागलं की ते कारण विचारून आवळत नाही.

आमच्या लोकांचं म्हणणं

काही सर्जन मित्रांशी यावर बोलले. त्यांचं म्हणणं असं की काही पेशंटचं समाधान कधीच होत नाही. कितीही चांगलं झालं तरी त्यांना व्यंगच दिसतं. खरं आहे. स्वतःच्या शरीरातलं नसलेलं किंवा नगण्य व्यंग सतत छळणं हा एक मानसिक आजार आहे. पण तो ओळखायची वेळ ऑपरेशनच्या आधीची आहे. पैसे भरून घेताना तो दिसला नाही आणि तक्रार आल्यावर एकदम दिसला, हे निदान संशयास्पद आहे.

दुसरं म्हणणं, संमतीपत्रावर सही असते. असते ना. भूल देण्याच्या अर्ध्या तास आधी, इंग्रजीत छापलेल्या चार पानांवर. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे की संमती खरी हवी. उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके पेशंटला पुरेसे समजावून मगच ती घेतलेली हवी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचंच सांगणं आहे की छाती वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या बायकांपैकी २० टक्क्यांपर्यंत बायकांना ते आठ-दहा वर्षांत काढावे लागतात. इम्प्लांट जन्मभराचा नसतो, हे वाक्य मराठीत, तोंडाने, डोळ्यांत बघून सांगितलं होतं का? नसेल तर त्या सहीला मी संमती म्हणणार नाही.

मनापासून काम करणारे, दहा वर्षांनीही पेशंटचा फोन उचलणारे सर्जन आपल्या उपनगरांत आहेत. हा लेख वाचून त्यांना राग येणार नाही, कारण इतरांनी टाकून दिलेल्या केसेस शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात.

ते कार्ड कुठे आहे?

मी माझ्या पेशंटला विचारलं, इम्प्लांट कुठल्या कंपनीचा? माहीत नाही. गुळगुळीत की खरखरीत? माहीत नाही. स्नायूच्या वर की खाली? माहीत नाही. मिक्सर घेतला तरी वॉरंटी कार्ड आपण जपून ठेवतो. शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूचा कागद तिच्याकडे नव्हता.

याचा परिणाम काय होतो ते बघा. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाच्या ऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरलं. २०१० साली ते उघड झालं, २०१३ मध्ये मालक जाँ-क्लोद मास याला चार वर्षांची शिक्षा झाली. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे ३०,००० बायकांच्या शरीरात ते इम्प्लांट होते. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल जातीचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण तोच लिंफोमा. या बातम्या वाचून आपल्याकडच्या एखाद्या बाईला 'यात मी आहे का?' असा प्रश्न पडला, तर उत्तर फक्त तिच्या कार्डावर असतं.

आपल्या देशाने याचा धडा दुसऱ्या एका इम्प्लांटमुळे शिकायला हवा होता. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचे खुब्याचे सदोष सांधे २०१० साली परत मागवले गेले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याचा पाठपुरावा केला, पुढे केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यातल्या ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. नुकसानभरपाई मिळायची तर आधी माणूस सापडायला हवा. तो न सापडण्याचं कारण नोंदी नसणं. आणि खुब्याचं ऑपरेशन तर कुणी लपवतही नाही. छातीचं लपवतात.

म्हणून

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी सर्जनचं शिक्षण विचारावं. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का. पाच वर्षांनंतरचे निकाल दाखवा म्हणावं. दुसऱ्यांदा ऑपरेशन लागलं तर खर्च कुणाचा, हे लेखी घ्यावं. लोकलच्या गर्दीत किती आठवडे चढायचं नाही, हेही विचारावं. विरारच्या डब्यात छातीशी पर्स धरून उभं राहणं म्हणजे काय, हे प्रत्येक सर्जनला ठाऊक असेलच असं नाही.

ज्यांचं झालंय त्यांनी इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर मागून घ्यावं: कंपनी, मॉडेल, आकार, सीरियल नंबर. दाखल होऊन झालेल्या ऑपरेशनचे कागद डॉक्टरने तीन वर्षं ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणून मुदत संपायच्या आत मागा. दर सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच प्रकाशात स्वतःचे फोटो काढून ठेवा. कुणाला दाखवायची गरज नाही. मॅमोग्राफीला जाल तेव्हा तंत्रज्ञाला आधीच सांगा, कारण फिल्म काढायची पद्धत बदलते. सर्जन ऐकत नसेल तर दुसऱ्याचं मत घ्या. पैशांची अडचण असेल तर केईएम, नायर, शीव आणि जे. जे. या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. फसवणूक झाली असं वाटलं तर ग्राहक आयोग आहे, आपल्या उपनगरांसाठी वांद्र्याला. पण दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. गप्प बसण्यात माझ्या पेशंटची नेमकी तेवढीच वर्षं गेली.

माझ्यासारख्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि फॅमिली डॉक्टरांनी एवढंच करावं: पडदा ओढा, हात धुवा, तपासा. उपदेश करायचाच असेल तर तपासून झाल्यावर करा. तपासल्यावर बहुधा करावासा वाटत नाही.

तिला मी सोनोग्राफीला आणि तिथून एका सर्जनकडे पाठवलं. आवरणासकट इम्प्लांट बदलायचा की दोन्ही काढूनच टाकायचे, यावर ती विचार करते आहे. निर्णय तिचा आहे. पहिल्या वेळीही तिचाच होता आणि त्याबद्दल तिने कुणाची माफी मागायचं कारण नाही. कागद न देणाऱ्याने, न बघता फोनवर 'सेटल होईल' सांगणाऱ्याने आणि न तपासता टोमणा मारणाऱ्याने मागावी.

तिच्या छातीत काहीतरी बिघडलंय हे सर्वांत आधी टेलरने ओळखलं. आम्हा डॉक्टरांना याची लाज वाटायला हवी.